येऊन राहिली

लग्न होऊन मी वाईहून अकोटला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई परसातून ओरडल्या, "पाहुणे येऊन राहिले व!" मी लगबगीनं माजघरात गाद्या घातल्या, उशांना धुतलेले अभ्रे चढवले आणि रात्रीच्या पोळ्यांसाठी जास्तीची कणीक भिजवली. पाहुणे आले, चहा प्याले आणि उठून गेले. त्या गाद्या पाहून सगळं घर हसत सुटलं. वऱ्हाडात ‘येऊन राहिले’ म्हणजे येत आहेत, अजून वाटेवर आहेत. आमच्या वाईत येऊन राहिला म्हणजे त्यानं मुक्काम ठोकला. भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या.

ही गंमत आधीच सांगून ठेवते, कारण पुढं एका फार हुशार यंत्रानं हीच चूक केली आणि तेव्हा कोणी हसलं नाही.

माझे यजमान उमाकांत ताथोड अकोटच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांना ड्रायव्हर असायचे आणि चौकशीच्या खिडकीत माणूस बसायचा, त्या काळातली ही गोष्ट. प्रवासी खिडकीशी येऊन म्हणायचा, "भाऊ, पोपटखेडले जाणारी गाडी..." की आतून उत्तर यायचं, "दोन नंबर फलाट, लागून आहे." वाक्य पुरं ऐकायची यांना गरजच पडायची नाही. रोज तेच प्रवासी, तेच प्रश्न. लोक त्यांच्यावर खूश असायचे.

तोच खाक्या घरी. मी म्हणायचे, "अहो, माझा भाऊ पुढच्या रविवारी..." हे म्हणायचे, "येऊ दे न." भाऊ येणार नव्हताच, त्याचं ऑपरेशन होतं. आपल्या भाषेत खरी बातमी वाक्याच्या शेवटी असते. त्यातून ‘नाही’ तर अगदी मागच्या सीटवर बसून येतं, आणि आमचे साहेब गाडी थांबायच्या आत दार लावून मोकळे! मी चिडायचे, मग हसायचे, आणि हळूहळू आखूड वाक्यं बोलायला शिकले.

आमच्या केतकीला ते जमलं नाही.

लग्न करून ती नागपूरला गेली होती. एका दुपारी अचानक बॅग घेऊन दारात उभी राहिली. लेक माझ्याशी माझ्यासारखं बोलते आणि बापाशी बापासारखं. चपला काढून ती ओसरीवर त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी आता नांदायले..."

"जाय न मग," हे म्हणाले. "भांडनं कोनाच्या घरी होत नाहीत? संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो तुले."

केतकीनं तोंड मिटलं. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली, पण नवऱ्याकडे नाही. नागपुरातच तिनं खोली घेतली, नोकरी धरली, पुढं घटस्फोट झाला. तिची लेक जुई तिथंच शाळेत जाऊ लागली. ती काय सांगायला आली होती ते यांना कळलं, पण चुकलं म्हणायची जीभ यांना देवानं दिलेली नाही. सणावाराला तिचा फोन यायचा. मी फोन यांच्या हातात द्यायचे. ती म्हणायची, "बाबा, मी यंदा येणार नाही." हे म्हणायचे, "बरं." दर सणाला एवढंच. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

आणि मग एका सकाळी यांच्या मेंदूत, डाव्या बाजूला, रक्ताची गुठळी अडकली.

हातपाय वाचले. बोलणंही महिनाभरात परत आलं. पण काहीतरी हरवलं होतं. "पाणी घ्या" म्हटलं की कळायचं. "देवरावांनी काल ज्या माणसाला पाठवलं होतं, त्यानं आणलेली पिशवी कुठं ठेवली?" असं विचारलं की नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. देवराव म्हणजे यांचे स्टँडवरच्या टपरीवरचे दोस्त. टपरीवर सगळे हसले की हे जरा उशिरा हसायचे, आणि आपण उशिरा हसतोय हे त्यांना कळायचं. मग टपरीवर जाणं बंद झालं. दिवसभर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. मला त्यांचं वाक्य तोडणं परत हवंसं वाटायला लागलं, इतकी ती शांतता वाईट होती.

अमरावतीच्या एका संशोधन केंद्रात डॉक्टर शर्वरी बोंद्रे भेटल्या. कोल्हापूरकडच्या, केतकीच्याच वयाच्या. मी पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायचे हे कळल्यावर त्या खुलल्या.

"काकू, टायपिंग करताना आपण काय करतो? कागदावरचे दोन-चार शब्द डोळ्यांनी उचलतो, बोटं तिथं पोचेपर्यंत धरून ठेवतो, मग सोडतो. ऐकताना मेंदू हेच करतो. उलट ऐकताना जास्त अवघड, कारण बोललेला शब्द हवेत विरतो, मागं वळून पुन्हा बघता येत नाही. म्हणून मेंदू शब्द एका छोट्या ओंजळीत धरतो. समजा, ‘रमेशनं’ आला, ‘सुरेशला’ आला, ‘पुस्तक’ आलं. पण यांनी एकमेकांचं केलं काय? दिलं? मागितलं? फेकून मारलं? ते क्रियापद सांगणार. आणि आपल्याकडे क्रियापद सगळ्यांत शेवटी येतं. तोवर ओंजळ गळता कामा नये. काकांची गळतेय. क्रियापद येईपर्यंत रमेश-सुरेश सांडून गेलेले असतात."

"मग शब्दार्थ विसरले नाहीत ना हे?" मी विचारलं.

"एकही नाही. शब्द सगळे आहेत, ते धरायला हात थरथरतोय."

त्यांनी तयार केलेल्या यंत्राचं नावही ‘ओंजळ’ होतं. कानामागं बसणारी एक छोटी चकती. तिची कामं दोन. धरलेले शब्द ताजे ठेवायला मेंदू त्यांना एका लयीत पुन्हा पुन्हा चाळवतो. चकती तीच लय हलक्या विजेनं जागी ठेवायची. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. म्हणून दुसरं काम, अंदाजाचं. समोरचा बोलत असतानाच त्याचं क्रियापद काय असणार हे ती ओळखायची आणि हाडातून कानात कुजबुजायची. क्रियापद आधीच कळलं की रमेश कुठं, सुरेश कुठं, ज्याला त्याला लगेच जागा मिळते, कोणाला ताटकळत धरून ठेवावं लागत नाही. घरात कोण कसं बोलतं, कोण नेहमी काय म्हणतं, हे चकती ऐकून ऐकून शिकत जायची. दहात नऊ वेळा तिचा अंदाज बरोबर यायचा. आपण माणसं स्वतःला समजतो तेवढी नवीन काही बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं.

चकती बसवून घरी आलो त्या दिवशी मी मुद्दाम लांबलचक वाक्य टाकलं. "देवरावांच्या मुलानं ज्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं दिलेली गोळी देवरावांना लागू पडली."

"कोनती गोळी? गुडघ्याची?" यांनी विचारलं.

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडले. आनंदाचंच रडणं होतं ते.

हे पुन्हा टपरीवर जायला लागले. वेळेवर हसायला लागले. आणि थोड्याच दिवसांत वेळेच्या आधी हसायला लागले! देवरावांचा किस्सा संपायच्या आत यांचं हसून व्हायचं. मी "अहो, उद्या जरा..." म्हटलं की यांचं उत्तर तयार. जुना खाक्या परत आला होता, आता यंत्राच्या जोरावर.

मी कुरकुर केली नाही, कारण तोवर निम्मं गाव तसंच झालं होतं. ओंजळीची एक स्वस्त आवृत्ती धडधाकट लोकांसाठीही बाजारात आली होती. वर्गात पोरं मास्तरांचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची. दुकानदार "अर्धा किलो..." एवढ्यावरच पुडी बांधायचा. मुलगी बघायच्या एका कार्यक्रमात दोन्हीकडच्या कानामागं चकत्या होत्या, तर म्हणे एकही वाक्य पुरं न होता लग्न जमलं. सगळ्यांना वाटायचं, किती वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळाचं कोणी काय केलं ते मात्र मला दिसलं नाही.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी केतकीचा फोन आला. मी चकलीच्या पिठात हात घालून बसले होते, म्हणून फोन यांनीच घेतला आणि बोलत अंगणात गेले. मिनिटभरात परत आले.

"येत नाही म्हनते."

 दर वर्षीचंच होतं. चकल्या तेलात सोडत राहिले.

चार दिवसांनी तिचा मला फोन. आवाज चिरलेला होता.

"आई, बाबांना मी खरंच नको आहे का?"

"का गं? काय झालं?"

"किती हिंमत करून फोन केला होता मी. म्हटलं, बाबा, मी दिवाळीले जुईले घेऊन येऊन राहिली. तर ते म्हणाले, बरं, नोको येऊ, जिवाले त्रास नोको करून घेऊ. आणि ठेवून दिला फोन."

मी ताडकन यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे शपथेवर सांगायला लागले, "तिनं ‘येणार नाही’ म्हटलं. मी माह्या कानानं आयकलं न!"

दोघंही खरं बोलत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग खोटं कोण बोललं?

दुसऱ्याच दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. चकतीनं काय ऐकलं आणि काय कुजबुजलं, ते शर्वरीताईंनी पडद्यावर काढलं आणि आम्हाला ऐकवलं. केतकीचा आवाज आला, "बाबा, मी दिवाळीले..." तिथंच यंत्राची कुजबुज, "येणार नाही." आणि त्याखाली, यांचं लक्ष सुटलेलं असताना, केतकी पुढं बोलत होती, "...जुईले घेऊन येऊन राहिली."

"यंत्र मागच्या बोलण्यावरून पुढचं ओळखतं," शर्वरीताई म्हणाल्या. "ते बसवल्यापासून दर सणाला त्या ‘येणार नाही’ म्हणाल्या, म्हणून यंदाही तेच. पण खरं क्रियापद ऐकल्यावर त्यानं चूक सुधारायला हवी होती. तशी सोय आहे. का सुधारली नाही?" त्या पडद्यावर वाकल्या. "हे बघा. ‘येऊन राहिली’ म्हणजे आली आणि मुक्काम केला, असा अर्थ लावलाय त्यानं. दिवाळी तर अजून यायचीये, मग मुक्काम झाला कसा? म्हणून ऐकण्यात चूक धरून सोडून दिलं. आणि आपलाच अंदाज कायम ठेवला."

मला एकदम त्या गाद्या आठवल्या. हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी शर्वरीताईंना ती गोष्ट सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "घरात हे फक्त कोण काय म्हणतं ते शिकतं, अर्थ आम्ही शिकवलेलेच धरतं. आणि आम्ही याला मराठी शिकवली ती सगळी स्टुडिओतली. याला वऱ्हाडातला माणूस भेटलाच नव्हता, काकू. चूक आमची आहे."

मी त्या यंत्राला मनातल्या मनात काय वाटेल ते बोलत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "यंत्रावर काहून रागावता? ते आत्ता आलं. मी बिनयंत्राचा जलमभर तेच करून राहिलो होतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं. 

यंत्राला वऱ्हाडी शिकवायला काही महिने लागणार होते. तोवर कुजबुज बंद करता येईल, फक्त लयीचं काम चालू ठेवता येईल, असं शर्वरीताई म्हणाल्या. "पण काका, सुरुवातीला वाक्यं पुन्हा सांडतील. टपरीवर पुन्हा अडचण होईल. विचार करून सांगा."

खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे ते दिवस यांनाही आठवले असणार. यांचा हात कानामागं गेला, तिथंच थांबला.

"बंद करा," हे म्हणाले.

घरी आल्यावर मी केतकीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येते मी, आई. एकदा येते. पण या वेळीही त्यांनी मला मध्येच तोडलं, तर मात्र पुन्हा नाही येणार." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. हे शेजारीच बसले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरी सराव सुरू झाला. शर्वरीताईंनी एक युक्ती दिली होती. वाक्यात एकेक माणूस आला की एकेक बोट मिटायचं. क्रियापद ऐकू आलं की मूठ उघडायची, तोवर तोंड उघडायचं नाही. मी म्हणायचे, "केतकीनं मावशीला दिलेली साडी मावशीनं सुनेला दिली. साडी कोणाकडे?" हे दोन बोटं मिटायचे, तिसरं अर्ध्यावर थांबायचं, कपाळाला आठ्या पडायच्या.

"दुकानात!" शेवटी वैतागून म्हणायचे. "मावशीले आवडली नव्हती तर घेतली काहून?"

आम्ही हसायचो. पण हसता हसता मी घाबरलेलीही होते. सांडायचीच वाक्यं. पाचातली तीन सांडायची.

टपरीवर मात्र वेगळंच घडलं. देवरावांना मी यंत्राची गोष्ट सांगितली होती, कसं बोलायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. पण एका सकाळी ते लांबूनच ओरडले, "पडली म्हैस, उमाकांत! विहिरीत! मोहनची! काल!" यांना सगळं कळलं, एक बोटही मिटावं लागलं नाही. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा शर्वरीताई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. घाईत, आनंदात, भीतीत मराठी माणूस क्रियापद उचलून आधी ठेवतो, ‘आला बघ तो’, ‘सुटली गाडी’. जे काम आमच्या चकतीला धड जमलं नाही ते भाषेत आयतं होतं, असं त्या म्हणाल्या. टपरीवर सगळेच हळूहळू तसं बोलायला लागले. काहींनी आपल्या चकत्याही खिशात टाकल्या, म्हणे उमाकांतशी बोलताना गंमत येते.

नरकचतुर्दशीच्या दुपारी फाटक वाजलं. हे ओसरीवर होते. केतकी फाटकातूनच म्हणाली, "आली मी, बाबा. जुईले घेऊन." क्रियापद आधी. तिला हे मी शिकवलं नव्हतं, कोणीच नव्हतं.

जेवणं झाली. जुई अंगणात मातीचा किल्ला उकरत बसली. मी सुपारी कातरत होते, पण माझे कान ओसरीवर होते. हे केतकीसमोर बसले, कानामागची चकती काढली आणि माझ्या हातात दिली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. चकतीच्या लयीचाही आधार आता नव्हता.

"केतकी," हे म्हणाले, "तवा तू अठीच बसून काहीतरी सांगून राहिली होती. ‘बाबा, मी आता नांदायले.’ त्याच्या पुढचं मी आयकलंच नाही. सांग."

"आता काय त्याचं, बाबा. जुनं झालं."

"सांग, माय."

केतकीनं खाली पाहिलं. मग बोलायला लागली, आणि काय ते वाक्य! इतकी वर्षं आत साठलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "बाबा, ज्या घरात माह्या आजारपनात सासूनं मले पानी नाही देल्लं, ज्या घरात नवऱ्यानं माह्यावर हात उचलला तवा सासरा नुसता पाहत बसला, त्या घरात मी आता नांदायले..."

आणि तिथंच ती थांबली. त्या शब्दापुढं जायची तिला सवयच नव्हती. तिथं नेहमी बापाचा आवाज यायचा.

मी अडकित्ता खाली ठेवला. यांचा हात मांडीवर होता. सासूचं एक बोट मिटलेलं, नवऱ्याचं दुसरं, सासऱ्याचं तिसरं.  ओठ हलत होते. काहीतरी बोलतील असं मला वाटलं. अंगणातून जुईनं हाक मारली, कोणी ओ दिली नाही. हे काही बोलले नाहीत. लेकीच्या तोंडाकडे बघत, मिटलेली बोटं तशीच घट्ट धरून बसून राहिले.

"...जाणार नाही," केतकी म्हणाली.

यांनी मूठ उघडली.

"नोको जाऊ," हे म्हणाले.